मामा कोणत्या धातूचा?

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद नेहमीचेच, ते गृहीत धर. आज वेळ नाही आणि तोंडही दुखतं आहे.

तोंड दुखण्याचं कारण असं की गेल्या आठवड्यातल्या सभेत माझी दाढ तुटली. ग्रंथालयाच्या सभागृहात ‘माणसाने दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये’ या विषयावर बोलत होतो. रंगात आलो होतो. ‘ताठ’ या शब्दावर टेबलावर मूठ आपटली, दात-ओठ खाल्ले, आणि त्या भरात खरोखरच एक दाढ खाल्ली. श्रोत्यांना वाटलं, हा परिणामासाठी घेतलेला विराम आहे. टाळ्या पडल्या. मी तुकडा गिळला आणि भाषण पुरं केलं. निष्ठा म्हणतात ती ही.

आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहायला आल्यात, हे मागे लिहिलं होतं. साठीला टेकलेल्या, एकट्या, हात हलका, जीभ धारदार. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं घातली, आणि मग विचारलं, “काय म्हणत होतात परवा सभेत?” भिंगरे, चाळीस वर्षांच्या वक्तृत्वात मला असं निरुत्तर कुणी केलं नव्हतं.

दाढेवर आता सोन्याची कॅप आहे. बाई म्हणाल्या, “सोनं बरं. लाळ, आंबट, खारट, कशालाच ते दाद देत नाही.” हे ऐकलं आणि मला आमच्या एकांडे मंडळाच्या वर्धापनदिनाचा विषय मिळाला. ‘सोनं आणि लोखंड!’ सोनं नदीच्या वाळूत जसंच्या तसं सापडतं, शुद्ध, स्वतंत्र, कुणाशी लग्न नाही, कुणाची मिंधेगिरी नाही. आणि लोखंड? जन्मात कधी एकटं सापडायचं नाही. सदा कुणाच्या तरी गळ्यात गळा. असं का होतं? उत्तर मला ठाऊक आहे: चारित्र्य. तू खाणीच्या प्रयोगशाळेत दिवसभर हेच बघतेस, तेव्हा त्याला शोभतील असे चार शास्त्रीय शब्द तेवढे पाठव. सविस्तर नको.

तालीम सुरू केली आहे. गच्चीच्या दाराशी उभा राहतो. तिथून आवाज तीनही मजले उतरून थेट तळमजल्यापर्यंत जातो.

डॉक्टरीणबाई मार्चअखेर इथलं सगळं आवरून लेकीच्या गावी चालल्यात. मला काय त्याचं. नेमका त्याच दिवशी वर्धापनदिन असल्याने त्यांना माझं भाषण ऐकता येणार नाही, एवढंच. मला काय त्याचं.

तुझ्या लोखंड्याला विचारलं म्हणून सांग.

तुझा,
मामा


१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

दाढेचं वाचून वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण तुझ्या लोखंड्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते पत्र जेवताना मोठ्याने वाचलं आणि आम्हाला ठसका लागला. तो म्हणतो, दाढ गिळून भाषण पुरं करणाऱ्या माणसापुढे आमची भट्टी म्हणजे काडेपेटी.

आता तुझा प्रश्न. चारित्र्याचा यात काही संबंध नाही, मामा. हे वाक्य भाषणात घालणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून अधोरेखित करते.

माझ्या टेबलावर आत्ता दोन ढेकळं आहेत. एक लालबुंद, त्यात लोखंड आहे. दुसरं पांढरं गारगोटीचं, त्यात सोन्याचा केसाएवढा धागा. प्रत्येक धातूच्या अणूत बाहेरच्या अंगाला थोडे इलेक्ट्रॉन असतात. ते द्यायला तो किती राजी, एवढाच सगळा मामला. लोखंड राजी असतं. ऑक्सिजन दारात आला की ते आपले इलेक्ट्रॉन त्याच्या हवाली करतं, आणि मग दोघंही आधीपेक्षा निवांत होतात. उतारावरून गडगडलेला दगड पायथ्याशी जाऊन थांबतो ना, तसे. त्या लाल ढेकळातलं लोखंड पायथ्याशी बसलेलं आहे. त्याला ओढून वर चढवायचं, तर भट्टी पेटवून, कोळसा घालून त्याच्या कुशीतला ऑक्सिजन हिसकावून घ्यावा लागतो. घरात हाच उद्योग करणारा माणूस आहे; संध्याकाळी दमून येतो. आणि एवढं करून मिळवलेलं लोखंड उघड्यावर ठेवलं, की ते हळूहळू पुन्हा पायथ्याकडे निघतं. त्याला आपण गंज म्हणतो. लोखंडाला विचारलंस तर ते सांगेल, मी घरी चाललोय.

सोन्याचं वेगळं. त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन आतून इतका घट्ट धरलेला असतो की तो ऑक्सिजनला देऊन त्याला काही निवांतपणा मिळत नाही. जबरदस्तीने जोडी लावली, तरी थोडी धग लागली की मोडते. म्हणून डोंगर झिजतो, दगडाची माती होते, पाणी सगळं वाहून नेतं आणि सोनं आपलं जसंच्या तसं वाळूत बसून राहतं. चांदी आणि तांबं मधल्या मार्गाचे: कधी सुटे सापडतात, कधी गंधकाच्या घरी. सोडियमचं तर नाव काढू नकोस. त्याला एकटं ठेवायचं तर तेलात बुडवून ठेवावं लागतं.

आणि एक. तुझ्या दाढेत शुद्ध सोनं नाही. एकटं सोनं इतकं मऊ असतं की पहिल्याच घासाला चेपलं असतं. त्यात तांबं, चांदी असं काहीबाही मिसळलेलं असणार. म्हणजे ‘एकटं राहा’ हे तू ज्या दाढेने चावून चावून सांगणार आहेस, ती दाढच मिश्र कुटुंबातली आहे.

आता माझा प्रश्न. पत्र सोन्याबद्दल, आणि त्यात सोन्यापेक्षा डॉक्टरीणबाईच जास्त. त्या जाणार म्हणून लिहिलंस आणि पाठोपाठ दोनदा ‘मला काय त्याचं’. ज्याला खरंच काही नसतं, तो एकदाही लिहीत नाही.

तुझी,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो, बसलो आणि पुन्हा उठलो.

गंज म्हणजे घरी जाणं! उद्या म्हणशील, आळस म्हणजे ध्यान आणि लाच म्हणजे स्नेह! अगं, निवांतपणा हे काय ध्येय झालं? पायथ्याशी तर चिखलही निवांत असतो! जगात जे काही उभं राहिलं आहे, ते उतारावर पाय रोवून ‘मी खाली येणार नाही’ म्हणणाऱ्यांनी उभं केलं आहे. तू शास्त्र शिकलीस, चांगलं झालं. पण शास्त्राच्या नावाखाली शरणागती शिकवू नकोस. मिश्र दाढेचा मुद्दा मी वगळतो. तो वैयक्तिक आहे.

डॉक्टरीणबाईंविषयी तुझा तर्क पोरकट आहे. उलट परवा काय झालं ते ऐक, म्हणजे आमचे संबंध किती वैचारिक पातळीवरचे आहेत ते कळेल. मी तालमीहून उतरत होतो. त्या दवाखान्याच्या दारात हात पुसत उभ्या. म्हणाल्या, “लेक बोलावतेय. तिच्या दवाखान्यात एक खुर्ची मोकळी आहे. पण खरं सांगू, इथे जीव रमला होता. तुमचं काय मत? जाऊ का?”

मत! चाळीस वर्षांत मला कुणी मत विचारावं आणि मी ते थोडक्यात द्यावं, असं घडलेलं नाही. मी तिथेच, शेवटच्या पायरीवर उभा राहून सांगितलं, की माणसाने जागेत जीव अडकवू नये, माणसांत तर मुळीच अडकवू नये. सोन्याकडे पाहा, पूर त्याला कुठेही नेवो, ते सोनंच राहतं! वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकून ऐकत होते. बाईंनी हात पुसायचे थांबवले. मग म्हणाल्या, “बरं. मग पेट्या मागवते.”

भाषणाचा इतका तात्काळ परिणाम मी आजवर पाहिला नव्हता.

त्यानंतर भेट नाही. दाढेत किंचित टोचतं आहे असं सांगून एकदा खाली गेलो, पण मदतनीस म्हणाली, बाईंना वेळ नाही. टोचत नव्हतंच म्हणा.

एक शंका, केवळ भाषणाच्या संदर्भात. सोनं निसर्गात कुणाशीच जोडलं जात नाही का? म्हणजे अगदी कुणाशीच? एखाद्या श्रोत्याने विचारलं तर उत्तर हवं.

तुझा,
मामा


२८ फेब्रुवारी

मामा,

अरे काय केलंस हे!

बाई तुला विचारत होत्या, ‘जाऊ का?’ याचं उत्तर ‘नका जाऊ’ एवढंच असतं. जगात हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या उत्तरासाठी विचारला जात नाही. त्यांनी दोन आठवडे जिन्यातून ‘एकटे राहा, एकटे राहा’ ऐकलं, तरीही धीर करून विचारलं, आणि तू त्यांना पुरात सोडून दिलंस. वर म्हणतोस, परिणाम! पेट्या मागवल्या त्यांनी, मामा. त्या पेट्या तुझ्या वक्तृत्वाला मिळालेलं बक्षीस नाहीत.

श्रोत्याच्या शंकेचं उत्तर: जोडलं जातं. बहुतेकांना सोनं दाद देत नाही, पण टेल्युरियम नावाचं एक मूलद्रव्य आहे, त्याच्याशी सोन्याचं खडकाच्या पोटात जमतं. दोघांचं मिळून जे खनिज होतं ते सोन्यासारखं दिसतही नाही. एका खाणगावात म्हणे लोकांनी ते फुकट दगड समजून रस्त्यातल्या खड्ड्यांत भरलं, आणि खरं काय ते कळल्यावर अख्ख्या गावाने कुदळी घेऊन आपलेच रस्ते उकरले.

पण कृपा करून यातलं काही वापरू नकोस. भाषणातही नको आणि खालीही नको. तू फक्त तळमजल्यावर जा, दार वाजव आणि म्हण: “जाऊ नका.” दोन शब्द. त्यात धातू घालायचा नाही.

भिंगरी


९ मार्च

दगाबाज भाचीस,

श्वासाला वास येतो हे का सांगितलं नाहीस?

क्रमाने सांगतो. मी खाली गेलो. तुझे दोन शब्द जिभेवर होते. पण दोन शब्दांचं भाषण मी जन्मात केलेलं नाही! त्याला प्रस्तावना कुठे जोडायची? आवाज कुठे चढवायचा? ‘जाऊ’ म्हणेपर्यंत ‘नका’ येतं आणि माणूस उघडा पडतो. बाई समोर उभ्या, हातात चिमटा. बाकावर तीन पेशंट गालाला हात लावून बसलेले. म्हणजे सभाच म्हण ना. मला राहवलं नाही. मी पृथ्वी तप्त होती तिथून सुरुवात केली.

बोललो मात्र अप्रतिम. धातू कसे थंड होत गेले, कोण कुणाच्या आश्रयाला गेलं, आणि सोनं कसं युगानुयुगं कुणापुढे नमलं नाही, हे सगळं त्यांच्यासमोर मांडलं. आणि कळस केला तो असा: “बाई, या सबंध सृष्टीत सोन्याची गाठ एकाशीच पडते. तुम्ही माझ्या टेल्युरियम आहात!” एका सुजलेल्या गालाच्या माणसाने टाळी वाजवली.

बाई लाजल्या असं मला वाटलं. म्हणाल्या, “म्हणजे काय असतं ते?” मी म्हणालो, “पुस्तकात बघा.”

त्यांनी बघितलं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येतो तर दारातच उभ्या. “विषारी,” म्हणाल्या. “ठिसूळ. आणि अंगात गेलं की श्वासाला लसणासारखा वास मारतो. तीस वर्षं मी लोकांच्या तोंडाचे वास घालवतेय, आणि तुम्ही चारचौघांत मला हे नाव ठेवलंत? जायचं असेल तर जा म्हणावं सरळ. जातेच आहे की मी!” दार असं आपटलं की दुधाने उसळी मारली.

आज पहिली पेटी बंद झाली. खिळे ठोकल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट येतो. मी एकेक ऐकला. लोखंडाचे खिळे, भिंगरे. लोखंडाने शेवटी सूड घेतला.

आता एवढंच राहिलं की भाषण गाजवायचं. सोनं एकटं राहतं. मी सोनं आहे. प्रश्न मिटला.

मामा


१७ मार्च

प्रिय मामा,

वासाचं लिहायला हवं होतं. चुकले. पण तू टेल्युरियम खाली घेऊन जाशील हे मला कुठे माहीत! तुला ‘त्यात धातू घालायचा नाही’ असं बजावलं होतं, आणि तू अख्खी पृथ्वी घातलीस. इथे दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघितलं की हसू येतंय. नवरा कामावर जाताना मला ‘येतो गं माझ्या टेल्युरियम’ म्हणाला, मी त्याला लाटणं दाखवलं.

हसून झालं. आता नीट ऐक. या पत्रात मी तुला उत्तर देत नाहीये, तुझी तपासणी करतेय. कामच आहे माझं ते. लोक ढेकूळ आणून म्हणतात, बाई, सोनं आहे बघा. मी ते कुटते, तापवते आणि काय आहे ते सांगते. बहुतेक वेळा सोनं नसतं.

तू सोनं नाहीस, मामा.

सोन्याला कुणाची गरज पडत नाही, म्हणून ते एकटं असतं. त्याला त्याचं भाषणही करावं लागत नाही. आणि तू? दाढ टोचत नसताना खाली जाऊन येतोस. पेटीचे खिळे मोजतोस. तू कोण आहेस ते सांगते, रागावू नकोस. तू ॲल्युमिनियम आहेस.

थांब, पत्र फाडू नकोस. ॲल्युमिनियम मातीच्या कणाकणात आहे, पण सुटं सापडणं जवळजवळ अशक्य. लोखंडापेक्षाही ते जोडीदाराला जास्त आसुसलेलं. मग त्याला गंज चढलेला का दिसत नाही? कारण हवा लागता क्षणी त्याच्यावर एक पातळ, पक्कं कवच तयार होतं. डोळ्याला न दिसणारं. त्या कवचामुळे हवा आत जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही. ओरखडा काढ, तिथे लगेच नवं कवच. बघणाऱ्याला वाटतं, काय धातू आहे, कशाचा परिणाम नाही याच्यावर! आणि आत काय आहे हे कळायला विजेचा लोळ सोडावा लागतो.

एकांडे मंडळ तू कधी काढलंस, आठवतं? आई गेली आणि तू मला तुझ्या घरात आणलंस, त्याच वर्षी. मी लहान होते, पण दार लावून बोललेलंही लहान मुलांना ऐकू जातं. तुझ्यासाठी स्थळं येत होती. लोक म्हणत, पोरीचं काय करणार? कुठेतरी ठेवा तिला. तू एकालाही ‘पोरीमुळे नाही’ असं म्हणाला नाहीस. मला कधी ओझं वाटू नये म्हणून तू जगाला सांगत सुटलास, की एकटं राहणं हेच माझं तत्त्व आहे. आणि ते इतकं सुंदर सांगत गेलास की चाळीस-पन्नास माणसं तुझ्यामागे आली. मीही त्यावर विश्वास ठेवला. तूही ठेवलास.

तत्त्व वाईट नव्हतं, मामा. त्या कवचाच्या आत मी वाढले. पण पोर मोठी झाली. तिला नवरा आहे, घर आहे, तपासायला ढिगाने दगड आहेत. आता ते कवच कुणासाठी?

तालीम बंद कर. निदान खाली ऐकू जाईल अशी तरी करू नकोस. महिना संपायला फार दिवस उरलेले नाहीत.

तुझीच,
भिंगरी

ता. क. फार वर्षांपूर्वी, ॲल्युमिनियम मातीतून वेगळं करणं कुणाला सहजी जमत नव्हतं तेव्हा, ते सोन्यापेक्षा महाग होतं. राजे लोक खास पाहुण्यांना त्याच्या भांड्यांत जेवायला वाढत म्हणे, बाकीच्यांना सोन्याच्या.


२४ मार्च

ॲल्युमिनियम!

पातेल्यांचा धातू! डब्यांचा, झाकणांचा! ज्या माणसाने सभा पेटवल्या, ज्याच्या आवाजाला शहर ‘तोफ’ म्हणतं, त्याला त्याची भाची झाकण म्हणते!

तुझ्या आईविषयी आणि त्या वर्षाविषयी जे लिहिलं आहेस, त्यावर मला काही म्हणायचं नाही. तीनदा वाचलं. काही म्हणायचं नाही.

यापुढे पत्रव्यवहार बंद.

मामा

ता. क. राजांच्या भांड्यांचा संदर्भ कुठल्या पुस्तकात आहे, ते कळव.


१ एप्रिल

माननीय महोदया,

एकांडे मंडळाचा सेक्रेटरी या नात्याने, आपण आमच्या अध्यक्षांच्या एकमेव नातेवाईक असल्याने, पुढील प्रकार आपल्या कानावर घालणे भाग आहे.

काल मंडळाचा वर्धापनदिन आपल्या मामांच्या इमारतीसमोरील सभागृहात पार पडला. म्हणजे पार पडला नाही. अध्यक्ष ‘सोनं आणि लोखंड’ या जाहीर केलेल्या विषयावर बोलण्यास उभे राहिले. सुरुवात उत्तम झाली. परंतु थोड्याच वेळात त्यांनी विषय सोडून पुढील आशयाचे उद्गार काढले. मी लिहून घेतले आहेत:

“मित्रहो! वर्षानुवर्षं मी तुम्हाला सांगत आलो, सोन्यासारखे राहा. आज सांगतो, सोनं होता येत नाही! सोनं असावं लागतं! ज्याला खरोखर कुणाची गरज नाही, त्याने खुशाल एकटं राहावं, तो माझ्या नमस्काराला पात्र आहे. पण ज्याला गरज आहे आणि जो ती तत्त्वाच्या पत्र्याखाली झाकतो, तो स्वतंत्र नाही, मित्रहो, तो फक्त बंद आहे! आपण गंजाला हसलो. त्या बिचाऱ्या लोखंडाने निदान दार तरी उघडलं! इथे बसलेल्यांपैकी सोनं किती, आणि पत्रे किती? हात वर करायची गरज नाही. घरी जाऊन स्वतःला विचारा!”

यामुळे सभासदांत मोठी चलबिचल झाली. आमचे खजिनदार रडले. दोन ज्येष्ठ सभासदांनी चहाच्या वेळी मजजवळ विवाहमंडळाचा पत्ता मागितला, तो मजकडे असण्याचे काही कारण नाही. (एका जुन्या वर्तमानपत्रात होता. दिला.)

याहून गंभीर प्रकार पुढे घडला. सभागृहाच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या दारात मालवाहू गाडी येऊन लागलेली दिसली. अध्यक्ष “म्हणून मी” असे म्हणाले, थांबले, खिडकीकडे पाहत राहिले, आणि व्यासपीठावरून उतरून निघून गेले. ते परत आले नाहीत. त्यांचे भाषण अपुरे राहण्याची ही पहिलीच वेळ. आम्ही बराच वेळ टाळ्या वाजवून पाहिल्या.

सभेच्या कार्यवृत्तात अपुरे वाक्य नोंदवण्याची आमच्याकडे प्रथा नाही. तरी ‘म्हणून मी’ याच्यापुढे काय, हे आपणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
सेक्रेटरी


२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं दुसरं नाव असणार, पण जिन्यातून मला हेच ऐकू आलंय. मी तळमजल्यावरची दातांची डॉक्टर. तुझी-माझी भेट नाही. माझ्याबद्दल तू बरंच वाचलं असशील, तेव्हा प्रस्तावना करत नाही. या इमारतीत प्रस्तावना पुष्कळ झाल्या. टेल्युरियमचा राग अजून गेलेला नाही, याची तेवढी नोंद घे.

परवा दुपारी माझं सामान निघालं. गाडी दारात होती. खुर्ची चढली, कपाट चढलं. शेवटी राहिली ती साच्यांची पेटी. आजवरच्या पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे त्यात आहेत; टाकून द्यायला मन होत नाही. दोन हमालांनी ती कशीबशी उचलली, एवढ्यात तुझे मामा समोरून रस्ता ओलांडून आले. धावतच म्हण ना. चेहरा लाल, कोटाची एकच बाही चढवलेली. मी मनाची तयारी केली. म्हटलं, आता पृथ्वी तप्त होणार.

काही बोलले नाहीत. पुढच्या हमालाला बाजूला केलं, पेटीची कडी धरली आणि चालू लागले. मला वाटलं, निरोप म्हणून हात लावतायत. तर ते गाडीकडे न वळता जिन्याकडे वळले आणि पेटी घेऊन वर चढू लागले. मागचा हमाल बिचारा धरून होता, तोही ओढला गेला.

मी म्हटलं, “अहो! गाडी बाहेर आहे!”

ते म्हणाले, “माहीत आहे.”

एवढंच. मी त्यांना वर्षभर ऐकतेय. इतकं नीट बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पहिला मजला गाठला. दुसऱ्याच्या वळणावर पेटी कठड्यात अडकली; वर जाईना, खाली येईना. तुझे मामा पायरीवर बसले. मी नाडी पाहिली. जोरात होती, पण काळजीचं कारण नाही. त्यांच्या शेजारी बसले. मी वाट पाहत होते, की आता तरी काही म्हणतील. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग मीच म्हटलं, “राहू दे. कळलं.” त्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्यांनी हमालांना कडी नीट धरण्यावरून चार शब्द सुनावले.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, “आई, मग इथल्या खुर्चीवर कोण बसणार?” मी म्हटलं, “कुणी तरुण बघ. मला इथे काम आहे.” गाडी रिकामी करायला लावली. गाडीवाला जे काही बोलला ते इथे लिहीत नाही.

आता मूळ मुद्दा. मागणी वडीलधाऱ्यांकडे घालायची असते. त्यांच्या घरात वडीलधारं कुणी उरलेलं नाही, मी विचारलं, तर म्हणाले, “भिंगरी आहे.” तेव्हा तुला लिहितेय. तुझ्या मामांना माझी मागणी आहे. मी नोकरीधंद्यात आहे, तब्येत ठणठणीत आहे, मुलगी मार्गी लागलेली आहे. मुलगा फार बोलतो हे मला माहीत आहे. दात चांगले आहेत, ते मी स्वतः पाहिलेत. एक सोन्याचा आहे. त्यात तांबं किती ते मला विचारू नकोस, मीच घातलंय.

तुझी संमती असेल तर पुढचं बघते, नसेल तर तसं स्पष्ट कळव; मी रागावणार नाही, पण मग दुसरी गाडी मागवावी लागेल. उत्तर मात्र लवकर दे. पेटी अजून जिन्यातच आहे, वर न्यायची की खाली ते तुझ्या पत्रावर ठरेल, आणि सगळ्या बिऱ्हाडांना तिच्यावरून उडी मारून जावं लागतंय.

तुझी,
तळमजल्यावरची